काशीत सोडलेला संत्रा

शेवंताबाईला जाऊन दोन वर्षं झाली. तिनं काशीत संत्रा सोडला याचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. ती होती तेव्हा तोंडावर धरला होता, आता मागे धरते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडची म्हातारी माणसं काशीला गेली की तिथं एक फळ आणि एक भाजी सोडून येतात. सोडली म्हणजे मरेपर्यंत तोंडात घालायची नाही. शहाणी माणसं जे मिळत नाही किंवा जे आवडत नाही तेच सोडतात. मी फणस सोडला आणि सुरण सोडलं. अमरावतीत फणसावाचून कोणाचं अडतं? देवाचं काम झालं, माझंही काही बिघडलं नाही. शेवंताबाईनं संत्रा सोडला आणि वांगं सोडलं. वऱ्हाडात राहून!

आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. चौतीस वर्षं ती माझी शेजारीण. नवरा लवकर गेला, एका दवाखान्यात आयाचं काम करून तिनं घर चालवलं. एकच मुलगी, कुंदा. ती मोर्शीला दिलेली, तिच्या घरचा संत्र्याचा बगीचा. शेवंताबाई उंच, हाडकुळी, आणि हात बाईमाणसाला शोभणार नाहीत एवढे मोठे. त्या हातात फळ घेतलं की ते तिच्या हातात आहे का टोपलीत आहे ते फळालाही कळत नसेल, इतकं अलगद धरायची. माणसांशी मात्र अलगद नव्हती.

बाजारात तिच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. दोन कापडी थैल्या घ्यायची, एक जड मालाची आणि एक नाजूक मालाची. पण बाजारात शिरल्याबरोबर घेणं नाही. आधी हात मागे बांधून अख्ख्या बाजाराला एक चक्कर. कोणाकडे काय आलं, कोणाचं कालचं उरलं, कोण पाणी मारून बसला, हे सगळं पाहून झालं की दुसरी चक्कर, तेव्हा खरेदी.

"आधी डोयानं घ्यायचं, मंग हातानं," म्हणायची.

"आन गुडघ्याचं काय करू? तेही दोन खेपा घेऊ का?" मी म्हणायची.

"तू बैस नं त्या ओट्यावर. पन मंग आणलेल्या भाजीले नावं नोको ठेवू."

मी बसत नव्हते. बसले असते तर तिनं माझ्यासाठीही चांगलंच आणलं असतं, पण मला माझं मी घ्यायचं होतं. आणि माझं मी घेतलं की ती थैलीत डोकावून नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"ची मला अजून चीड आहे.

भेंडीचं टोक मोडून पाहणाऱ्या बायका तिला खपत नव्हत्या. एकदा एक बाई टमाट्यांवर अंगठे रोवत उभी होती. शेवंताबाई ओळख ना पाळख, तिला म्हणाली, "ओ बाई, तुमी दाबलेलं टमाटं तुमी नेनार नाई. ते मी नेईन. मंग दाबता काहून?" ती बाई रागानं निघून गेली. भाजीवाला आमच्यावर चिडला, गिऱ्हाईक गेलं म्हणून. त्यालाही तिनं सोडलं नाही. त्याच्या मेथीची एक जुडी उचलली, दोनदा झटकली, सगळं पाणी त्याच्या पायजम्यावर. "पान्याचं वजन आमाले घरच्या नळाले भेटते, भाऊ," म्हणाली. आणि तरी तीच जुडी घेतली, कारण पाणी झटकल्यावर ती चांगली निघाली.

वांग्याचं ती तोंड पाहायची नाही. देठ पाहायची. देठ हिरवं पाहिजे, त्याचा काटा बोटाला टोचला पाहिजे, आणि वांगं आकाराच्या मानानं हलकं पाहिजे. जड वांगं म्हणजे आत बियाच बिया. उन्हाळ्यात मी एकदा फुलकोबी घेतली, पांढरी शुभ्र होती. ती म्हणाली, "तिलेच या उन्हात करमून नाई राहिलं, तुले काय चव देईन?" खरंच चव नव्हती. मी मुद्दाम दोनदा वाढून घेऊन खाल्ली आणि तिला सांगितलं की छान झाली होती.

एक गोष्ट मात्र मान्य करते. तिनं घेतलेली वस्तू कधी परत केली नाही. एकदा मोठं डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेतलं. ठोकून पाहिलं, आवाज ऐकला, डोक्यावरून आणावं तसं मिरवत आणलं आणि कापलं तर आत काळं. मी म्हटलं, चल, त्याच्या तोंडावर नेऊन आदळू. तर म्हणते, "निवडलं कोनं? म्या. डोये माहे, हात माहे. तो काहून वापस घेईन?" निम्मं गाईला घातलं, निम्म्याची भाजी केली आणि मला वाटीभर पाठवली. मला असल्या माणसांचा कंटाळा येतो. स्वतःची चूक कबूल करून वर दुसऱ्याला लाज आणतात.

घरात तिच्या भाजीपाल्याची व्यवस्था पाहण्यासारखी होती. ओल्या वाळूत ठेवलेलं अद्रक. सांबार, म्हणजे कोथिंबीर, पाण्याच्या गिलासात मुळं बुडवून उभी, वरून ओलं फडकं. पालेभाजी न धुता, कोरडी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. कांदे एका कोपऱ्यात, आलू दुसऱ्या. "कांदा आन आलू एका टोपल्यात म्हंजे दोन जावा एका चुलीवर. दोघीही नासतात." आणि मोसमात पलंगाखाली तणसावर, म्हणजे वाळल्या पेंढ्यावर, संत्रे, एका थरात, एकमेकांना न लागता. सकाळी उठली की आधी पलंगाखाली वाकून एकेकाला हात लावायची. कुठं मऊ लागलं की तो बाहेर. "एक नासला की शेजाऱ्याले घेऊन जाते." हे माझ्याकडे पाहून म्हणायची.

माझ्या मुलानं फ्रीज घेतला तेव्हा ती पाहायला आली. कोणी म्हटलं नसताना दार उघडलं आणि एकेक पिशवी बाहेर काढायला लागली. माझ्या सुनेनं मेथी धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती. शेवंताबाईनं गाठ सोडली. आत शेवाळ झालेलं.

"थंड्या कपाटात घातलं म्हंजे आपली जिम्मेदारी संपली का, पोरी? भाजी मेली तरी दार उघडेपर्यंत समजत नाई."

सून महिनाभर तिच्याशी बोलली नाही. अकोल्याला जुन्या शहरात माझी बहीण राहते, तिच्याकडे मी एकदा शेवंताबाईला घेऊन गेले, तर तिथंही अर्ध्या तासात तिचं स्वयंपाकघर उलटंपालटं. लिंबं चुलीजवळून उचलून मोरीपाशी, केळीचा फणा खुंटीला टांगलेला. निघताना बहिणीनं मला बाजूला घेतलं. "ताई, तू येत जा. तुही हे मैत्रीण नोको आनू." तरी केळी अजून खुंटीला टांगते म्हणे.

तर काशी. आमच्या गल्लीतल्या बारा-तेरा म्हाताऱ्या मिळून गेलो होतो. घाटावर तिथला पंडा एकेकीला विचारत होता. कोणी कारलं म्हणत होतं, कोणी रामफळ. शेवंताबाईची पाळी आली.

"माताजी, क्या छोड़ेंगी?"

"संत्रा. आन बैंगन."

मी तिचा हात धरून मागे ओढला. "अवं, डोकं फिरलं का तुहं? काही दुसरं सांग. पपई सांग."

"पपई मले आवडत नाई."

"म्हनूनच सांग म्हनते नं!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दाबलेलं टमाटं तिच्या थैलीत टाकत होते. "आपन बाजारातून घरच्याईसाठी चांगलं निवडून आनतो. आन देवाले देऊन राहिलो तर निवडून सडकं द्यायचं?"

पंडाही चांगला माणूस निघाला. म्हणाला, "माताजी, सोच लो." तिनं ओंजळ पुढे केली, त्यानं पाणी सोडलं, संपलं. परतीच्या सगळ्या प्रवासात मी तिच्याशी बोलले नाही. देव काही संत्र्याला भुकेला नव्हता.

वांग्याचं पुढे निभावलं. ती भरीत करायची, स्वतः खायची नाही, मीठ पाहायला मला हाक मारायची. संत्र्याचं मात्र निभण्यासारखं नव्हतं, कारण तिथं कुंदाचं काम अडलेलं होतं.

दरवर्षी मृगाच्या बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुलून थंडी सरताना पिकणारा, संत्रा उतरवायच्या आधी कुंदा आईला मोर्शीला नेत असे. शेवंताबाई चाकू घेऊन बगीच्यात फिरायची. विहिरीजवळचं झाड, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं झाड, मधलं, सावलीतलं, अशा पंधरा-वीस झाडांचा एकेक संत्रा सोलून दोन दोन फोडी खायची. मग जावयाला, गजाननरावांना, सांगायची, "आठ दिवस थांबा," किंवा "उद्या लावा मानसं." तिचा शब्द चुकत नव्हता. संत्रा झाडावरून उतरवला की पुढे गोड होत नाही, आंब्यासारखा तो आढीत पिकत नाही. ज्या दिवशी तोडला त्या दिवशी जेवढी गोडी, तेवढीच. म्हणून दिवस चुकला की सगळंच चुकलं.

काशीहून आल्यावरही ती जायची, पण चाकू न घेता. साल पाहायची, हातात तोलायची, वास घ्यायची. दोन वर्षं बरोबर निघालं. तिलाही वाटलं असेल की जिभेवाचून जमतं.

तिसऱ्या वर्षी कुंदानं आणि गजाननरावांनी ठरवलं की बगीचा व्यापाऱ्याला द्यायचा नाही. आपणच पेट्या भरायच्या आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना थेट पाठवायच्या. कुंदानं मोबाईलवर झाडांचे फोटो टाकले, लोकांनी पेट्या मागितल्या. पोरीनं पेटीवर चिकटवायला कागद छापून घेतले होते, त्यावर तिचं नाव. पहिली खेप गोड गेली पाहिजे, म्हणजे माणसं पुढच्या वर्षी पुन्हा मागतील, एवढं सगळं त्या एका दिवसावर होतं. मी त्या वेळी शेवंताबाईसोबत गेले होते.

त्या वर्षी थंडी फार पडली होती. झाडं पिवळीधमक. शेवंताबाईनं दहा-बारा संत्रे तोलले. म्हणाली, "लावा मानसं."

कुंदानं एक सोलून खाल्ला. तोंड वाकडं केलं. "आई, मले आंबट लागून राहिला."

गजाननरावांनी खाल्ला. ते सासूपुढे बोलत नसत, पण म्हणाले, "थोडा आये आंबटपना."

"रंग पाहा, वजन पाहा. भरला आये," शेवंताबाई म्हणाली.

मी म्हटलं, "मंग तू खाऊन पाह्य नं. एक फोड. पोरीच्या नावाची गोष्ट आये."

"सोडला नं म्या."

"चावून थुकून टाक!"

"सोडला म्हंजे सोडला, सुभद्रे."

आणि पुढचं मला अजून समजत नाही. कुंदाच्या जिभेला आंबट लागत होतं, नवऱ्याच्या जिभेला आंबट लागत होतं, मी एक खाल्ला तर माझे दात शिवशिवले. तरी आम्ही तिघांनी स्वतःच्या तोंडापेक्षा तिच्या हातावर विश्वास ठेवला. एवढी वर्षं तिनं सांगितलं ते खरं निघालं होतं. दुसऱ्या दिवशी माणसं लागली, पेट्या भरल्या, गेल्या.

साल थंडीनं रंगली होती. आतला रस अजून पंधरा दिवस मागे होता. ते फक्त जीभच सांगू शकली असती, आणि तिच्यासारखी जीभ अख्ख्या मोर्शीत नव्हती.

लोकांनी कळवलं. कोणी चांगल्या शब्दात, कोणी अर्धवट खाल्लेल्या फोडींचे फोटो पाठवून. दुसऱ्या पेट्या कोणी मागवल्या नाहीत. उरलेला माल व्यापाऱ्यालाच द्यावा लागला. कुंदाचा फोन आला तेव्हा मी शेवंताबाईच्या घरात होते. तिला ऐकायला कमी यायचं म्हणून ती फोन नेहमी मोठ्या आवाजात लावायची, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आई, तुह्या देवाले गोड संत्रे भेटले. आमाले आंबट ठेवले तू."

एवढंच. फोन ठेवला.

शेवंताबाईनं फोन चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी थैल्या घेऊन आली, बाजारात गेलो, तिनं हात मागे बांधून दोन चकरा मारल्या. वांग्यांपाशी आल्यावर मला म्हणाली, "तू घे माह्यासाठीही. चार घरी देईन." मी निवडली, घाईत, एक तर चक्क जून होतं. तिनं पाहिलं आणि थैली पुढे केली. "हं" सुद्धा म्हणाली नाही. जिनं मला इतकी वर्षं टोकलं तिनं त्या दिवशी टोकलं नाही, आणि मला रस्त्यात रडू यायच्या ऐवजी इतका राग आला की मी ते वांगं नालीत फेकून दिलं.

मी स्वस्थ बसले नाही. आमच्याकडे पूजा सांगायला येणारे महाराज आहेत, त्यांना विचारलं की सोडलेलं पुन्हा धरता येतं का. ते म्हणाले, येतं, थोडा दानधर्म करा, संकल्प सोडा, फळ मोकळं. मी धावत तिला सांगायला गेले.

"वापस मांगू म्हनते?" तिनं विचारलं.

"मांगायचं काय त्यात? महाराजच म्हनून राहिले."

"त्याईनं निवडलं का काशीत? म्या निवडलं."

"आन पोरीचं काय? ते बोलून नाई राहिली तुह्याशी."

"ते तिचं बरोबर आये," शेवंताबाई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. असं माणूस! मुलगी बरोबर, देव बरोबर, आणि स्वतः दोघांच्या मधे वाळत बसलेली. मी तिला त्या दिवशी हट्टी, भिकारडी, देवाची चापलूस, काय काय म्हटलं. तिनं शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी मृगाचा संत्रा पिकायला आला. मोर्शीहून फोन आला नाही. ती रोज फोन चार्जिंगला लावायची आणि काढायची. पलंगाखालचं तणस तिनं त्या वर्षी बदललं नाही.

माघात तिला ताप आला, छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी कुंदाला फोन केला. "माय पाह्याची असन तर ये. भांडाचं असन तर नंतर भांड," म्हटलं.

कुंदा दुसऱ्याच दिवशी आली. हातात थैली, थैलीत संत्रे. प्रत्येकाच्या सालीवर पेनानं लिहिलेलं: विहीर, धुरा, मधली ओळ, सावली. गजाननराव म्हणत होते माणसं लावू, ती म्हणत होती थांबा. दोघांनाही स्वतःच्या जिभेची खात्री राहिली नव्हती.

त्या संत्र्यांचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. दहा दिवस थांबून उतरवले. तोवर शेवंताबाई गेली होती. कुंदानं मोजक्याच लोकांना पेट्या पाठवल्या, एक मलाही. गोड होते. आता ती दरवर्षी स्वतः झाडोझाड फिरते आणि दिवस सांगते. गजाननराव ऐकतात.

पण शेवंताबाईला मी शेवटचं बोलताना पाहिलं ते कुंदा आली त्या दुपारी. कुंदा पलंगावर तिच्या उशाशी बसलेली, मी दारातल्या खुर्चीत. माय-लेकींनी मागच्या वर्षाचा एक शब्द काढला नाही. कुंदानं पहिला संत्रा सोलला, फोड आईच्या तोंडाजवळ नेली. शेवंताबाईनं मान फिरवली.

"तू खाय."

कुंदानं खाल्ली.

"आंबट आधी लागते का मागून?"

"आधी."

"जिभेच्या टोकाले का कडेले?"

कुंदा थांबली. दुसरी फोड तोंडात घातली, डोळे मिटले. "कडेले. मागून गोड येते, पन लवकर जाते."

"जाते म्हंजे? थुकी गिळल्यावर राहते का नाई?"

"नाई राहत."

"राहाले पाह्यजे. ते राहिली की तोडाचा. दुसरा खाय."

असे सात-आठ झाले. ताप होता, दम लागत होता, एका प्रश्नानंतर दुसरा विचारायला तिला वेळ लागायचा, पण विचारत होती. कुंदाचं तोंड आंबलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते आंबटपणाचं का दुसऱ्या कशाचं मी विचारलं नाही. एकदा पाणी पाजायला कुंदानं पेला पुढे केला, तर शेवंताबाईनं पेला सोडून तिचं मनगटच धरलं. रसानं भिजलेली बोटं नाकापाशी नेली आणि वास घेत राहिली. बराच वेळ. तिचे ओठ बोटांपासून तांदळाएवढे दूर होते.

मला राहवलं नाही. "अवं, चाट नं एकदाची!" मी ओरडले. "कोन पाहून राहिलं!"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराचं टोक धरलं, कुंदाची बोटं एकेक करून कोरडी पुसली, आणि हात सोडून दिला.

"हा विहिरीजवळचा," म्हणाली. "आता धुऱ्यावरचा सोल."